चार पानांचें पत्र आणि वर्तमानपत्रांचा कायदा

(गांवच्या वाचनालयांत एका प्राथमिक शिक्षकानें तरुण मंडळींपुढें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज येतांना प्रत्येकानें घरांतलें एखादें जुनें वर्तमानपत्र बरोबर आणावें असें आम्हीं सांगितलें होतें. बहुतेकांनीं आणलें आहे. एकानें भाकरी बांधलेलें आणलें आहे, तेंही चालेल. आतां पहिलें पान सोडा. शेवटचें पान काढून अगदीं तळाशीं पहा. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे: हें पत्र अमक्यानें तमक्या छापखान्यांत छापून अमक्या ठिकाणीं प्रसिद्ध केलें, मालक अमुक, संपादक तमुक. ही ओळ आजवर कोणीं वाचली आहे? हात वर करा. दोन हात. त्यांतला एक आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांचा, आणि त्यांना तर जाहिरातीही वाचण्याची संवय आहे.

ही ओळ कोणाच्या हौसेनें छापलेली नाहीं. १८६७ सालीं इंग्रज सरकारनें छापखाने आणि पुस्तकें यांच्या नोंदणीचा कायदा केला, त्यांत ती आली. उद्यां कांहीं भलतें छापून आलें तर कोणाचें बखोट धरावयाचें, हें सरकारास आधीं ठाऊक असावें, एवढाच तिचा अर्थ. राज्यें बदललीं, राणी गेली, राजे गेले, तो कायदा मात्र दीडशें वर्षांहून अधिक टिकला. २०२३ सालीं नवा कायदा होऊन १ मार्च २०२४ पासून जुना गेला. ओळ राहिली.

आपल्या गांवचे पांचसहा तरुण तालुक्यापुरतें चार पानांचें साप्ताहिक काढूं म्हणतात. कालव्याचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत कां पोंचत नाहीं, पीककर्जाच्या यादींतून कोणाचीं नांवें गळलीं, शाळेच्या खोल्या गळतात त्यांची दुरुस्ती कोठें अडली, असा मजकूर त्यांना छापावयाचा आहे. त्यांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, यांत कायदा काय काय आडवा येतो तें समजावून सांगा." म्हणून ही सभा. आम्ही वकील नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले, खडू-फळ्याचे मानकरी आहों. पण हा विषय आम्हीं थोडा ठेंच लागून शिकलेला आहे, तें आधीं सांगतों.

कॉलेजांत असतां आम्हीं चौघां मित्रांनीं चार पानी मासिक काढण्याचें ठरविलें. मजकूर तयार, नांव तयार, कविता तर गरजेहून अधिक तयार. छापखान्यांत गेलों तर मालकानें विचारलें, "डिक्लेरेशन केलें काय?" आमच्यांतल्या एकानें बेधडक सांगितलें, "होय, दीडशें प्रती काढावयाच्या असें डिक्लेअर केलें आहे." मालक हंसला आणि त्यानें आम्हांस कचेरीची वाट दाखविली. तेथें तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस एका कारकुनानें अर्ज परत करतांना सांगितलें कीं, नांव आधींच कोणीतरी घेतलेलें आहे. दुसऱ्या नांवानें नोंदणी झाली, मासिक निघालें, आणि पांचव्या अंकानंतर बंद पडलें. सरकारनें बंद केलें काय? मुळींच नाहीं. सरकारास तें निघत होतें हेंही आठवत नसावें. कागदवाल्याची उधारी थकली आणि त्यानें कागद देणें थांबविलें. आमच्या जहाल लेखांनीं जें झालें नाहीं तें दोन रीम कागदानें झालें.

तेव्हांपासून आमची एक समजूत झाली आहे. सरकारचा हात वर्तमानपत्राला दोन ठिकाणीं लागतो. एक नरड्यावर आणि एक कणगीवर. नरड्यावरचा हात सर्वांना दिसतो. संपादक तुरुंगांत जातो, त्याची मिरवणूक निघते, शाळेंत त्याची तसबीर लागते. कणगीवरचा हात फारसा कोणाला दिसत नाहीं, आणि छोटीं पत्रें मरतात तीं बहुधा कणगी रिकामी झाल्यामुळें. म्हणून १८९७ आणि १९०८ सालचे टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले तुम्हांस ठाऊक आहेत असें धरून आम्ही ते बाजूस ठेवतों. आज कणगीविषयींच बोलूं.

१८७७ सालीं पुण्यांत कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' काढलें. कष्टकरी रयतेचें गाऱ्हाणें रयतेच्याच भाषेंत सांगणारें तें पत्र. दुसऱ्याच वर्षीं, १४ मार्च १८७८ रोजीं, लॉर्ड लिटन साहेबांनीं देशी भाषांतील पत्रांचा कायदा एका बैठकींत मंजूर करून घेतला. त्यांचा डोळा सगळ्याच देशी भाषांतल्या पत्रांवर होता. इंग्रजी पत्रांना तो कायदा लागूच नव्हता! छापणाराकडून मुचलका घ्यावा, रोख जामीन ठेवून घ्यावा, मजकूर पसंत न पडला तर जामीन जप्त करावा, आणि पुन्हां तसें घडलें तर छापखान्याचें सामानही उचलावें. त्यावर कोर्टांत दाद नाहीं. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'नें तांतडीनें आपली बंगाली टाकली आणि ती सबंध इंग्रजी झाली. म्हणजे रयतेला कळेल असें बोललें तर जामीन द्या, न कळेल असें बोललें तर खुशाल बोला. हा कायदा १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत रद्द झाला.

पण जामिनाची गोडी सरकारास एकदां लागली ती लागलीच. १९१० सालच्या प्रेस ॲक्टानें ती पुन्हां आली. नवा छापखाना काढणाराकडून पांचशें रुपयांपासून दोन हजारांपर्यंत जामीन घेतां येई. तो जप्त झाला तर पुढचा जामीन एक हजारापासून दहा हजारांपर्यंत. तोही गेला तर छापखाना गेला. हे आंकडे आज ऐकतांना किरकोळ वाटतात, म्हणून त्यांच्याशेजारीं दुसरा एक आंकडा ठेवतों. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानें मुंबईंत 'मूकनायक' निघालें, तेव्हां हा कायदा चालू होता. त्या पत्राला कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं अडीच हजार रुपयांची मदत केली. एका छत्रपतींची देणगी अडीच हजार, आणि कायद्यानें नव्या छापखान्याच्या दारांतच मागतां येणारी रक्कम दोन हजार. 'मूकनायका'कडून कोणीं जामीन मागितला असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या पाठीशीं छत्रपति नाहींत त्यानें दारांतूनच परत फिरावें, अशी ती रक्कम होती, एवढेंच दाखवावयाचें आहे. तो कायदा १९२२ सालीं उठला, आणि १९३१ सालीं नव्या कायद्यानें जामीन पुन्हां आला. पुढें 'बहिष्कृत भारत' १९२७ सालीं निघून १९२९ सालीं थांबलें, तें बंदीच्या हुकुमानें नव्हे, पैशाच्या ओढगस्तीनें.

आतां स्वराज्यांतल्या कायद्याकडे वळूं. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या एकोणिसाव्या कलमांत बोलण्याचें आणि मत मांडण्याचें स्वातंत्र्य आहे. त्या कलमांत 'वर्तमानपत्र' हा शब्द शोधून पहा, सांपडणार नाहीं. चांगल्या शिकलेल्या माणसांनाही हें ठाऊक नसतें. संपादक हाही एक नागरिकच, त्याला सर्वांना असलेला हक्क आहेच, निराळा शब्द घालण्याची जरूर नाहीं, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनीं घटनासमितींत केला होता. आमच्या मतें ही फार मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या मोठ्या दैनिकाच्या संपादकाला जो हक्क, तोच आपल्या चार पानांच्या पत्राला, आणि तोच येथें घोंगडीवर बसलेल्या तात्यांना.

घटनेला चार महिने झाले नाहींत तोंच कोर्टांत प्रश्न आला. मुंबईस रोमेश थापर यांचें 'क्रॉस रोड्स' नांवाचें इंग्रजी साप्ताहिक निघत असे. मद्रास सरकारनें त्याला आपल्या मुलुखांत येण्याची बंदी केली. २६ मे १९५० रोजीं सुप्रीम कोर्टानें ती बंदी रद्द केली आणि सांगितलें कीं, नुसतें छापूं देणें म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. छापलेलें लोकांच्या हातीं पोंचूं देणें हाही त्याचाच भाग. यावर सरकारनें १९५१ सालीं घटनेची पहिलीच दुरुस्ती केली. निर्बंध घालण्याच्या कारणांत सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशीं स्नेह, गुन्ह्यास चिथावणी हीं कारणें वाढविलीं, आणि निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे असाही शब्द घातला. देशाची सुरक्षितता, सभ्यता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी हीं कारणें त्या यादींत होतींच. १९६३ सालीं देशाचें सार्वभौमत्व व अखंडता हें आणखी एक आलें. ही यादी वहींत उतरून घ्या. तींत काय आहे याइतकेंच काय नाहीं हेंही पहा. 'सर्वसाधारण जनतेचें हित' हें कारण तींत नाहीं. धंद्यावर निर्बंध घालावयास तें चालतें. बोलण्यावर घालावयास चालत नाहीं. आतां जो खटला सांगणार आहों तो सबंध याच खुंटीला टांगलेला आहे.

हा खटला आपल्या मराठी मुलुखांतला. पुण्याचें 'सकाळ' दैनिक डॉ. नानासाहेब परुळेकरांनीं १९३२ सालीं सुरू केलें. १९६० च्या सुमारास त्याच्या रोजच्या सुमारें ५२,००० आणि रविवारच्या ५६,००० प्रती खपत. आठवड्यांतले पांच दिवस सहा पानें आणि एक दिवस चार पानें, किंमत सात नवे पैसे. रविवारचा अंक निराळा, दहा पानांचा, बारा पैशांचा. आतां फळ्याकडे पहा. पांच सक तीस, आणि चार, चौतीस. रविवार सोडून आठवड्याला चौतीस पानें.

इकडे १९५२ सालीं नेमलेल्या प्रेस कमिशननें न्यायमूर्ति राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालीं १९५४ सालीं अहवाल दिला होता. त्यांत एक दुखणें दाखविलें होतें, आणि तें खरें होतें. मोठ्या पत्राला जाहिरातींचा पैसा येतो, त्या जोरावर तें थोड्या किमतींत पुष्कळ पानें देतें. छोटें पत्र तेवढ्या किमतींत तेवढीं पानें देऊं शकत नाहीं, म्हणून गिऱ्हाईक जातें. गिऱ्हाईक गेलें म्हणून जाहिरात जाते. आणि जाहिरात गेली म्हणून पत्र जातें. यावर औषध म्हणून १९५६ सालीं किंमत आणि पानें यांचा कायदा झाला व १९६० सालीं त्याखालीं हुकूम निघाला. किती पैशांत किती पानें द्यावींत तें सरकार ठरविणार. जाहिरातीला जागा किती, यालाही मर्यादा घालण्याचा अधिकार त्या कायद्यांत होता, आणि पुरवण्यांवरही बंधन आलें. त्या कोष्टकाप्रमाणें सात पैशांच्या पत्राला आठवड्याला चोवीस पानें. 'सकाळ' देत होतें चौतीस.

म्हणजे परुळेकरांपुढें दोनच वाटा. दहा पानें कापावींत, किंवा किंमत आठ पैसे करावी. एक पैसा म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. तर पुन्हां फळ्याकडे पहा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर वाचकाला सव्वीस पैसे जास्त. ज्याच्या घरीं पत्र ही चैन आहे तो सव्वीस पैशांसाठीं पत्र बंद करतो. शेजाऱ्याचें वाचूं म्हणतो. खप उतरतो. आणि पानें कापलीं तर पहिल्यानें काय कापलें जाईल? पहिल्या पानावरचा दिल्लीचा मजकूर कापला जाणार नाहीं. तालुक्याच्या बातम्या कापल्या जातील, वाचकांचीं पत्रें कापलीं जातील. आपलाच कोपरा जाईल.

परुळेकर सुप्रीम कोर्टांत गेले. 'सकाळ'च्या वाचकांनींही निराळे अर्ज केले, हें विसरूं नका. पत्र वाचणाराचाही त्यांत कांहीं हक्क आहे असें त्यांस वाटलें. २५ सप्टेंबर १९६१ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं एकमतानें निकाल दिला, तो न्यायमूर्ति जनार्दन रघुनाथ मुधोळकरांनीं लिहिला आहे. सरकारचें म्हणणें असें कीं, हा बोलण्यावरचा निर्बंध नव्हे, धंद्यावरचा आहे. बड्यांची मक्तेदारी मोडून छोट्यांना वांचविणें जनतेच्या हिताचें आहे. कोर्टानें उत्तर दिलें कीं, पानें आणि खप यांवर घाव घालणें म्हणजे बोलण्यावरच घाव घालणें. आणि एकाचें बोलणें वाढावें म्हणून दुसऱ्याचें बोलणें कापतां येत नाहीं, कारण घटनेच्या त्या यादींत असें कारण नाहीं. कायद्याचें मुख्य कलम आणि हुकूम दोन्ही रद्द झाले.

येथें आम्हांस कबुली द्यावयाची आहे. हा खटला आम्हीं प्रथम वाचला तेव्हां आमचें मन सरकारच्या बाजूनें गेलें होतें. दोन रीम कागदापायीं ज्याचें मासिक मेलें तो दुसरें काय म्हणणार? मोठ्यांचीं पानें कापा, म्हणजे आम्हांस श्वास घेतां येईल, असेंच वाटलें.

(येथें सभेंतील एका भगिनीनें विचारलें: "पण गुरुजी, लहानाच्या बाजूनें कायदा केला तर त्यांत वाईट काय झालें? बाजारांत मोठा व्यापारी तोटा खाऊन भाव पाडतो, मग आमच्या बचत गटाचें पापड कोण घेणार?")

बाईंनीं नेमका कांटा काढला. हाच प्रश्न आम्हीं स्वतःस वर्षानुवर्षें विचारीत आलों. पापडाच्या बाबतींत तुमचें म्हणणें कायद्यालाही मान्य आहे. धंद्यावर जनतेच्या हितासाठीं वाजवी बंधन घालतां येतें. मग वर्तमानपत्र पापडाहून निराळें कां? आमच्या समजुतीप्रमाणें याचें कारण असें कीं, पापड सरकारविषयीं कांहीं बोलत नाहीं. जें पत्र सरकारचे दोष काढतें त्याचीं पानें मोजण्याची पट्टी सरकारच्याच हातीं दिली, तर आज ती मोठ्याच्या पाठीवर पडेल आणि उद्यां आपल्या. शिवाय ती पट्टी पडली कोणावर तें पहा. सात पैशांत गांवोगांवच्या मराठी माणसाला चौतीस पानें देणाऱ्या पत्रावर पडली. औषध रोग्याला न लागतां शेजाऱ्यालाच लागलें.

असें असलें तरी आमचें समाधान पुरतें झालेलें नाहीं, आणि झालें असें आम्ही खोटें सांगणार नाहीं. कारण कायदा गेला तरी प्रेस कमिशननें दाखविलेलें दुखणें राहिलें. १९७२ सालीं तोच प्रश्न दुसऱ्या रूपानें आला. वर्तमानपत्राचा कागद परदेशांतून येई, त्याची वांटणी सरकारच्या हातीं. १९७२-७३ च्या धोरणांत सरकारनें दहा पानांची कमाल मर्यादा घातली. बेनेट कोलमन कंपनीच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें ३० ऑक्टोबर १९७२ रोजीं चार विरुद्ध एक मतानें ती रद्द केली. जो एक न्यायमूर्ति निराळा पडला त्यांचें नांव के. के. मॅथ्यू. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हें स्वातंत्र्य पत्राच्या मालकाइतकेंच ऐकणाऱ्या समाजाचेंही आहे. थोड्या हातांत सगळे कर्णे गेले तर समाजाला एकच आवाज ऐकूं येतो. म्हणून तुटपुंजा कागद सर्वांना पुरेल असा वांटणें म्हणजे स्वातंत्र्यावर घाला नव्हे. पुढें याच मॅथ्यूसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं दुसऱ्या प्रेस कमिशननें १९८२ सालीं अहवाल दिला, आणि किंमत व पानें यांचें कोष्टक पुन्हां सुचविलें. तें झालें नाहीं.

मॅथ्यूसाहेबांचा निकाल आम्हांस टाकवत नाहीं, कारण कणगीवर हात फक्त सरकारचाच असतो असें नाहीं. 'मूकनायक' निघण्याच्या वेळीं त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नें छापली नाहीं, असें डॉ. आंबेडकरांनीं पुढें नमूद करून ठेवलें आहे. ती बंदी कोणत्या कायद्यानें घातली होती? कोणत्याच नाहीं. एका मालकाची इच्छा, तेवढेंच. एकोणिसावें कलम आपल्याला सरकारच्या हातापासून वांचवितें. मोठ्या मालकाच्या दारापासून वांचवावयास तें येत नाहीं. तेथें आपलें दार आपणच बांधावें लागतें.

नरड्याविषयीं बोलणार नाहीं म्हटलें होतें, तरी दोन शब्द सांगतों, कारण तरुण मंडळी त्यावांचून सोडणार नाहींत. जून १९७५ मध्यें आणीबाणी आली आणि पत्रांवर सेन्सॉर बसला. त्या वेळीं मिनू मसानी यांचें 'फ्रीडम फर्स्ट' हें लहानसें मासिक मुंबईस निघे. सेन्सॉरनें त्याचा कांहीं मजकूर अडविला. मसानी मुंबईच्या हायकोर्टांत गेले आणि १९७६ सालीं, आणीबाणी चालू असतांनाच, जिंकले! सर्व पत्रांना एकाच चाकोरींतून चालविणें हें सेन्सॉरचें काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. पानें थोडीं म्हणून दाद मिळत नाहीं, असें समजणारांनीं हा निकाल ध्यानांत ठेवावा.

आणि तुम्ही म्हणाल, गुरुजी, छापतो कोण आतां, आम्ही मोबाईलवरच काढूं. काढा. पण तेथेंही कायदा आहेच. २०१२ सालीं पालघरच्या दोन मुलींना मुंबईच्या बंदविषयीं फेसबुकवर लिहिलें, आणि दुसरीनें तें पसंत केलें, एवढ्यावरून अटक झाली होती. ज्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ कलम तेथें वापरलें होतें तें सुप्रीम कोर्टानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. २०२१ सालीं मोबाईलवरच्या बातम्यांसाठीं नवे नियम आले. २०२३ सालीं त्यांत अशी भर पडली कीं, सरकारच्या कारभाराविषयींची माहिती खरी कीं खोटी हें सरकारनेंच नेमलेल्या पथकानें ठरवावें. मुंबई हायकोर्टांत दोन न्यायमूर्तींचीं मतें फुटलीं, तिसऱ्याकडे प्रकरण गेलें, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें ती भर रद्द झाली. १९६१ सालची पानें मोजण्याची पट्टी आणि हें पथक, यांचें नातें तुम्हीच शोधा. शाळेंत आम्ही याला गृहपाठ म्हणतों.

आतां कामाचें. पत्र काढावयाचें तर पहिल्यानें २०२३ चा नवा कायदा समोर ठेवून वाचावयाचा; त्याच्यावरचीं पुस्तकें नंतर. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटापुढें उभें राहून डिक्लेरेशन करण्याची जुनी रीत गेली, अर्ज संगणकावरून जातो. तेव्हां आम्हांस पडल्या तशा तीन खेपा तुम्हांस पडूं नयेत. नांवें मात्र चारपांच सुचवून ठेवा, आमचा अनुभव सांगितलाच. दुसरें, अब्रुनुकसानीचें कलम वाचा. भारतीय न्याय संहितेंत तें ३५६ वें आहे, आणि दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा त्यांत आहे. लिहिलें तें खरें असून सार्वजनिक हितासाठीं लिहिलें असेल तर बचाव आहे. नुसतें खरें असून भागत नाहीं, आणि खरें आहे हें दाखवावयास कागद लागतो. पीककर्जाच्या यादीविषयीं लिहाल तेव्हां यादीची नक्कल आधीं कपाटांत, मग मजकूर छापखान्यांत.

तिसरें, कणगी. वर्गणीदारांची वही पहिल्या अंकाच्या आधीं भरा. आमच्या मासिकाला दीडशें प्रती होत्या आणि वर्गणीदार अठ्ठावीस. उरलेल्या मित्रांनीं फुकट नेल्या आणि कवितांची स्तुति केली. सरकारी जाहिरात मिळाली तर घ्यावी, परंतु ती बंद झाली तरी पुढचा अंक निघेल असा हिशेब करूनच घ्यावी. साखर कारखान्याची, पतपेढीची जाहिरात घेतांनाही तोच हिशेब. ज्याच्या पैशावर कागद येतो त्याच्याविषयीं लिहितांना हात जड होतो, आणि त्यासाठीं कोणत्याही कायद्याची जरूर पडत नाहीं. येथें बसलेल्या ज्यांना पत्र हवें आहे त्यांनीं आजच वर्षाची वर्गणी चिटणिसांकडे लिहवावी. पहिलें नांव आमचें लिहा.

येत्या गुरुवारीं संध्याकाळीं दिवाबत्तीनंतर येथेंच बसूं. नवा कायदा मराठींत समजावून घेत एकेक कलम वाचावयाचें आहे, तेव्हां वह्या आणा. भगिनींनीं विचारलेल्या प्रश्नावर आम्हीं दिलेलें उत्तर ज्यांना पटलें नसेल त्यांनीं तर अवश्य यावें. मॅथ्यूसाहेबांचा निकाल आम्ही आणून ठेवूं. आणखी एक गोष्ट राहिली आहे. शेवटच्या पानाच्या तळाशीं, त्या मुंगीएवढ्या ओळींत, प्रकाशक म्हणून नांव कोणाचें घालावयाचें तें अजून ठरलेलें नाहीं. आम्ही नोकरींत आहों, आमचें चालणार नाहीं. ज्याची तयारी असेल त्यानें घरीं आईवडिलांना आणि घरधनिणीला विचारून यावें.